भेट दिलेले स्वस्त युकुलेले सुरात राहत नसेल तर

मित्राला किंवा मैत्रिणीला वाढदिवसासाठी दोन-तीन हजारांचे युकुलेले (गिटारसारखे, चार तारांचे छोटे वाद्य) द्यावे आणि पंधरा दिवसांनी "मला नाही जमत, माझा कानच तयार नाही" असे उत्तर यावे, हा प्रकार माझ्या ओळखीत इतक्यांदा घडला आहे की आता कोणी असे वाद्य घेतले की ते आधी माझ्याकडे तपासायला येते. आजवर वीसेक वाद्ये अशी हाताखालून गेली. त्यांतली तीन-चार खरोखरच टाकाऊ होती. बाकीच्यांचे दुखणे तारा, खुंट्या किंवा नट (वाद्याच्या मानेच्या टोकाची, तारा जिच्या खाचांतून जातात ती पट्टी) यांपैकी कुठेतरी होते आणि बहुतेक वेळा थोडक्यात बरे झाले. शिकणाऱ्याचा कान एकाही वेळी दोषी निघाला नाही. मात्र नवशिक्याला हात चुकतो आहे की वाद्य, हे कळण्याचा काहीच मार्ग नसतो, आणि म्हणून पुढची तपासणी भेट देणाऱ्याने, शक्यतो भेट देण्याआधीच, करावी असे माझे मत आहे.

लक्षणे

सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार अशी असते की वाद्य नीट लावले तरी एकदोन गाणी होईपर्यंत तारा उतरतात. दुसरी तक्रार जास्त फसवी आहे: मोकळ्या तारा ट्यूनरवर अगदी बरोबर दिसतात, पण डाव्या हाताने कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर, धरली की सगळे बेसूर वाटते. त्यातही सी कॉर्ड, जिच्यात एकच बोट तिसऱ्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवरची धातूची आडवी पट्टी) पडते, ती बऱ्यापैकी लागते आणि एफ किंवा जी धरली की बिघडते. तिसऱ्या प्रकारात खालचे स्वर ठीक असतात, पण बाराव्या फ्रेटच्या दिशेने जावे तसतसे स्वर चढत जातात. चौथ्या प्रकारात एखादी तार झणझणते. याखेरीज बोटे फार दुखतात आणि जोर लावल्याशिवाय स्वर उमटत नाही, ही तक्रार बहुतेक जण सांगतच नाहीत, कारण सुरुवातीला असेच असते असे त्यांना वाटते. ती विचारून काढावी लागते.

कोणते लक्षण आहे ते लिहून ठेवावे, कारण पहिल्या लक्षणाचा उपाय दुसऱ्यावर चालत नाही आणि चुकीच्या जागी कानस चालवली तर चांगले वाद्यही बिघडते.

पहिली तपासणी: ट्यूनर काय ऐकतो आहे

यात पैसा लागत नाही आणि पाच मिनिटे जातात. फोनवरचे ट्यूनर अ‍ॅप उघडून ते गिटारच्या मोडवर तर नाही ना, हे पाहावे. गिटारच्या मोडमध्ये अ‍ॅप युकुलेलेची तार जवळच्या गिटारच्या स्वराकडे ओढायला सांगते आणि शिकणारा निमूटपणे तसे करतो. मोड युकुलेलेचा किंवा क्रोमॅटिक (बाराही स्वर ओळखणारा) असावा आणि ए स्वराची कंपनसंख्या ४४० हर्ट्‌झ असावी. पंखा आणि दूरदर्शन बंद करावे, कारण फोनचा माइक तेही ऐकत असतो.

सोप्रानो, कॉन्सर्ट आणि टेनर या तिन्ही आकारांत तारा सामान्यतः जी, सी, ई, ए अशा लावतात. पेटीच्या भाषेत सांगायचे तर पांढरी पाच, पांढरी एक, पांढरी तीन आणि पांढरी सहा. आणि सी हा षड्ज धरला तर प, सा, ग, ध. चारही स्वर एकाच सप्तकातले आहेत: सी सुमारे २६२, ई ३३०, जी ३९२ आणि ए ४४० हर्ट्‌झ. वाद्य छातीशी धरल्यावर सर्वांत वरची, म्हणजे छताच्या बाजूची, तार ही गिटारप्रमाणे खर्जाची असेल असे गृहीत धरून लोक ती एक सप्तक खाली उतरवतात, मग ती दोरीसारखी लोंबते आणि झणझणते. याच्या उलट सी तार एक सप्तक वर नेण्याच्या नादात तुटलेली मी दोनदा पाहिली आहे. बॅरिटोन हा चौथा, मोठा आकार मात्र डी, जी, बी, ई असा लावतात. नवशिक्याला चुकून बॅरिटोन दिला गेला तर पुस्तकातले एकही कॉर्डचे चित्र त्याला लागू पडत नाही, आणि यात बिचाऱ्या वाद्याचा काही दोष नसतो.

इथे आपल्याकडच्या श्रोत्यांसाठी एक गोष्ट सांगायला हवी. ज्याचा कान तंबोऱ्यावर तयार झाला आहे त्याला सी कॉर्डमधला ई, म्हणजे गांधार, बरोबर लावूनही थोडा चढा वाटतो, आणि तो तसा असतोच. एका अर्धस्वराचे शंभर भाग केले तर त्या भागाला सेंट म्हणतात. तंबोऱ्यातून उमटणारा स्वयंभू गांधार षड्जापासून ३८६ सेंटवर येतो, तर सप्तकाचे बारा समान अर्धस्वर धरून फ्रेट बसवलेल्या वाद्यात तो ४०० सेंटवर असतो. चौदा सेंटचा हा फरक पेटीतही आहे. तो दोष समजून ई तार उतरवली तर बाकीच्या कॉर्ड बिघडतात. शास्त्रीय गाणे शिकलेल्या एका मैत्रिणीचे वाद्य मी याच कारणासाठी तीन वेळा तपासले, आणि तिसऱ्या वेळी पेटी शेजारी ठेवल्यावर आम्हां दोघांनाही उलगडा झाला.

दुसरी तपासणी: तारा

नव्या वाद्याच्या तारा नायलॉनच्या किंवा तत्सम प्लास्टिकच्या असतात आणि ताण पडल्यावर त्या कित्येक दिवस लांबत राहतात. त्यामुळे पहिल्या आठवड्यात तार उतरणे हे दुखणे नसून तिचा स्वभाव आहे. फरक ओळखायचा तो असा: तार लांबत असेल तर चारही तारा हळूहळू उतरतात, कधीही चढत नाहीत आणि रोज आदल्या दिवसापेक्षा कमी उतरतात, एकच तार अचानक, टप्प्याटप्प्याने उतरत असेल तर ती कुठेतरी निसटते आहे.

लांबणे लवकर संपवायचे असेल तर तार सुरात लावून बाराव्या फ्रेटजवळ दोन बोटांत धरून अलगद एखादा सेंटिमीटर उचलावी, पुन्हा सुरात आणावी आणि हे प्रत्येक तारेवर आठ-दहा वेळा, दोन-तीन दिवस करावे. झटका देऊ नये. वाजवून झाल्यावर तारा सैल करून ठेवण्याची सवय काहींना असते. ती सोडायला सांगावी, कारण सैल केलेली तार दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून लांबायला लागते.

निसटणाऱ्या तारेसाठी आधी ब्रिजवरची, म्हणजे तारा खालच्या टोकाला जिथे बांधतात तिथली, गाठ पाहावी. तारेचे टोक स्वतःभोवती नीट गुंडाळलेले नसेल तर गाठ ताणाखाली सरकते. मग खुंटीवरचे वेढे मोजावेत: दोन-तीन वेढे एकमेकांना लागून बसलेले असावेत. गाठ पुन्हा बांधली आणि तरी काही फरक पडला नाही, तर तारांचा चांगला संच आणून बदलावा. काही स्वस्त वाद्यांवर मुळात आलेल्या तारांची जाडी सगळीकडे सारखी नसते, आणि अशी तार मोकळी बरोबर वाजून दाबल्यावर चुकते. याला दुसरा उपाय नाही. तारांचा संच हा या साऱ्या प्रकरणातला सर्वांत फायद्याचा खर्च आहे, असे मी अनुभवाने म्हणतो.

तिसरी तपासणी: खुंट्या

खुंट्या दोन प्रकारच्या असतात. १८७९ साली मदेरा बेटावरून होनोलुलूला उतरलेल्या पोर्तुगीज मजुरांमध्ये जे सुतार होते त्यांच्या हातून हे वाद्य हवाईत घडले, तेव्हा खुंट्या साध्या लाकडी आणि केवळ घर्षणावर टिकणाऱ्या होत्या. आजही काही सोप्रानो वाद्यांना त्याच तत्त्वावरच्या, मागे सरळ निघालेल्या खुंट्या असतात. अशा खुंटीच्या टोकाला स्क्रू असतो. खुंटी आपोआप फिरत असेल तर तो पाव फेरी आवळावा, तार लावून पाहावी आणि लागल्यास पुन्हा पाव फेरी. एकदम आवळला तर खुंटी फिरतच नाही.

बाजूला कान काढलेल्या, दातेरी चाकाच्या खुंट्या नवशिक्यासाठी कितीतरी बऱ्या, कारण कान बऱ्याच फेऱ्या फिरवावा तेव्हा दांड्याची एक फेरी होते आणि स्वर बारीक साधता येतो. या रचनेत तार चाकाला उलट फिरवू शकत नाही. त्यामुळे अशी खुंटी सुटते असे वाटले तर कानाच्या टोकाचा स्क्रू आवळून काही साधत नाही. चाकाच्या मधोमध असलेला छोटा स्क्रू पाहावा, सैल असतो तो बहुधा हाच. शिवाय या चाकांत थोडी ढील असते, म्हणून तार नेहमी खालून वर चढवत सुरावर आणावी. स्वर चढला असेल तर आधी मुद्दाम खाली उतरवावा आणि मग वर यावे, म्हणजे ढील आधीच घेतली जाते आणि पहिल्या झणकाऱ्याला तार उतरत नाही. निम्म्या "उतरणाऱ्या" वाद्यांना एवढेच पुरते.

चौथी तपासणी: मोजपट्टी

शाळेतली साधी पट्टी पुरते, आणि दुकानात वाद्य घेतानाही ही तपासणी करता येते. नटची फ्रेटबोर्डकडची कड, म्हणजे तारा जिथून सुटतात ती जागा, तिथपासून बाराव्या फ्रेटच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजावे. मग बाराव्या फ्रेटपासून सॅडलवर (ब्रिजमधल्या पांढऱ्या पट्टीवर) तार टेकते तिथपर्यंतचे. दोन्ही अंतरे सारखी, किंवा दुसरे एखाद-दोन मिलिमीटर जास्त असावे. तार दाबताना ती किंचित ताणली जाते आणि तो चढ भरून काढण्यासाठी हे जास्तीचे अंतर ठेवतात.

दुसरे अंतर पहिल्यापेक्षा कमी भरले, किंवा चार-पाच मिलिमीटर जास्त भरले, तर ब्रिज चुकीच्या जागी चिकटवलेला आहे. अशा वाद्यावर पुढे काहीही करू नये. मुदत असेल तर ते परत करावे, नसेल तर भिंतीवर टांगावे. ब्रिज काढून दुसरीकडे बसवण्याची मजुरी वाद्याच्या किमतीच्या वर जाते.

पाचवी तपासणी: नट

मोकळ्या तारा बरोबर आणि कॉर्ड बेसूर, या लक्षणाचे मूळ माझ्या अनुभवात बहुतेक वेळा इथे असते, म्हणून इथे थोडे थांबतो. सतारीवर मींड घेताना वादक तार आडवी ओढतो आणि स्वर चढतो. युकुलेलेवर बोट तार खाली दाबते तेव्हाही तेच घडते, फक्त ते नको असताना घडते. तार फ्रेटपासून जितकी उंच, तितकी ती दाबताना जास्त ताणली जाते. सोप्रानोवर पहिला फ्रेट नटपासून जेमतेम दोन सेंटिमीटरवर असतो. त्यामुळे नटवरच्या खाचा उथळ राहिल्या, म्हणजेच तार तिथे उंच राहिली, तर पहिल्या फ्रेटवर दाबताना तारेला फार तीव्र कोनात खाली यावे लागते. पुढच्या फ्रेटांवर हा परिणाम झपाट्याने कमी होतो. नवशिक्याच्या साऱ्या कॉर्ड मात्र पहिल्या तीन फ्रेटांवरच असतात. जाणता वादक वरच्या फ्रेटांवर वाजवून असे वाद्य "ठीक आहे" म्हणून पसंत करतो आणि शिकणारा नेमका वाईट भागात अडकतो.

कारखान्यात खाचा उथळ ठेवण्याचे कारण उघड आहे. उथळ खाच राहिली तर वाद्य निदान वाजते. जास्त खोल गेली तर मोकळी तारच झणझणते आणि ग्राहक ते लगेच परत करतो. प्रत्येक नटवर हाताने वेळ देणे स्वस्त वाद्याच्या किमतीत बसत नाही.

तपासायचे असे. मोकळ्या तारा अचूक लावाव्यात. मग प्रत्येक तार पहिल्या फ्रेटमागे, स्वर स्वच्छ येण्यापुरतीच दाबून ट्यूनर पाहावा. पाच-सात सेंटांचा चढ चालतो. पंधराच्या वर गेला तर नट उंच आहे. आता तीच तार बाराव्या फ्रेटवर दाबून पाहावी. पहिल्यावर फार चढा आणि बाराव्यावर जवळपास बरोबर असेल तर दोष नटचा. दोन्हीकडे चढा असेल तर पुढची सॅडलची तपासणी करावी. आणि चारांपैकी एकच तार चुकत असेल तर तिची खाच किंवा ती तारच खराब आहे, म्हणून आधी तार बदलून पाहावी. डोळ्यांनी खात्री करायची तर तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून धरावी आणि पहिल्या फ्रेटवर तिच्याखाली वहीचा कागद सरकवावा. कागद अडखळत जाईल इतकीच फट हवी. लग्नपत्रिकेचा पुठ्ठा सहज जात असेल तर निदान झाले.

एका ओळखीच्या बाईंनी भाचीसाठी घेतलेल्या वाद्यावर ए तार पहिल्या फ्रेटवर तीस सेंट चढी होती. भाची महिनाभर अधिकाधिक जोर लावत राहिली, कारण स्वर चुकतो आहे म्हणजे आपण नीट दाबत नाही, असा तिचा समज झाला होता, आणि जोर लावला की स्वर आणखी चढत होता.

उपाय म्हणजे खाच योग्य जाडीच्या कानशीने किंचित खोल करणे. दोन फेऱ्या घासाव्यात, तार चढवून मोजावे, पुन्हा दोन फेऱ्या; खाचेचा उतार खुंट्यांच्या दिशेने असावा म्हणजे तार नटच्या पुढच्या कडेवरूनच सुटते. हे लिहायला सोपे आहे. माझा पहिला नट मी याच कामात घालवला. काढलेले प्लास्टिक परत लावता येत नाही आणि एक खाच खोल गेली की पूर्ण नट बदलावा लागतो. तेव्हा वाद्य भेट द्यायचे असेल आणि हातात नटच्या कानशी नसतील, तर इथेच थांबून ते गिटार दुरुस्त करणाऱ्याकडे द्यावे. जाणत्या हाताला हे काम अर्ध्या तासाचे आहे.

सहावी तपासणी: सॅडल

बाराव्या फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंतचे अंतर अडीच ते तीन मिलिमीटर असावे. साडेतीनच्या वर असेल तर तार उंच आहे, बोटे दुखतात आणि वरचे स्वर चढतात. सॅडल ही ब्रिजच्या खाचेत बसवलेली पांढरी पट्टी. तारा सैल केल्या की ती बहुधा हाताने निघते. चिकटवलेली असेल तर ओढू नये.

बारावा फ्रेट तारेच्या मधोमध असल्याने तिथली उंची अर्धा मिलिमीटर कमी करण्यासाठी सॅडल एक मिलिमीटर कमी करावी लागते. पेन्सिलीने रेघ मारून सॅडलची खालची, सपाट बाजू काचेवर पसरलेल्या पॉलिश पेपरवर घासावी. वरची गोल बाजू कधीही घासू नये. नटपेक्षा इथे धोका कमी, कारण सॅडल जास्त घासली गेली तर खाली कागदाची पट्टी घालून वेळ निभावता येते.

झणझणणाऱ्या तारेविषयी थोडेच सांगतो. तंबोऱ्यावर जवारी काढून जी झणझण मुद्दाम आणतात ती इथे दोष आहे. आधी सैल स्क्रू किंवा आतले सुटलेले लेबल पाहावे. ते नसेल तर एखादा फ्रेट शेजाऱ्यांपेक्षा उंच असतो: तीन फ्रेटांवर टेकेल अशी सरळ कड ठेवली तर ती मधल्यावर डुलते. फ्रेट सपाट करणे घरचे काम नाही.

कुठे थांबावे

ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागदाचे टोक शिरत असेल, तर ब्रिज सुटतो आहे. तारा लगेच सैल कराव्यात आणि वाद्य दुरुस्तीला द्यावे. झटपट चिकटणारा गोंद भरू नये, कारण नंतर कारागिराला तो खरवडून काढावा लागतो आणि लाकूड त्याच्याबरोबर निघते. मान वाकली असेल तर स्वस्त युकुलेलेत ती सरळ करणारी सळई सहसा नसतेच, म्हणून आवळायला काही शोधू नये, वाद्य परत करावे. लाकडाला चीर गेली असेल तरी तेच. आणि वर सांगितलेले सगळे करून झाल्यावरही पहिल्या फ्रेटवर वीस सेंटांचा चढ उरला असेल, तर आपल्या हातून होण्यासारखे संपले असे समजावे.

सतार आणि तंबोऱ्यांचे मिरजेचे कारागीर नावाजलेले आहेत, पण हे काम त्यांच्या घडणीचे नाही. गिटारची दुरुस्ती करणाराच शोधावा आणि त्याच्याकडे "सुरात नाही" एवढे न सांगता कोणती तार, कोणता फ्रेट आणि किती सेंट हे लिहून न्यावे. आधी मजुरी विचारावी. ती वाद्याच्या निम्म्या किमतीच्या वर जात असेल तर दुसरे वाद्य घेणे मला जास्त शहाणपणाचे वाटते.

पावसाळ्यात, विशेषतः मुंबईत आणि कोकणात, लाकूड दमट हवेने फुगते, वरची फळी किंचित उचलते आणि तारांची उंची वाढते. जूनमध्ये ठीक असलेले वाद्य ऑगस्टमध्ये बिघडले तर सॅडल घासण्याआधी ते चार-आठ दिवस पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवून पाहावे. उन्हात उभ्या असलेल्या गाडीत ते ठेवणे मात्र कोणत्याही ऋतूत टाळावे, कारण तिथे गोंद मऊ पडतो.

नवे वाद्य घ्यायचेच असेल तर सोप्रानोपेक्षा कॉन्सर्ट आकार घ्यावा, कारण फ्रेट किंचित लांब पडतात आणि मोठ्या माणसाची बोटे त्यांत मावतात. खुंट्या दातेरी असाव्यात. लाकूड अखंड की प्लायचे, यावर या किमतीत डोके लावू नये. प्लाय दमट हवेत उलट जास्त टिकते. वाद्य वाढदिवसाच्या दहा दिवस आधी हातात येईल असे मागवावे, खोके स्वतः उघडावे, पट्टी आणि ट्यूनरच्या तपासण्या परतीच्या मुदतीत उरकाव्यात आणि उरलेल्या दिवसांत तारा ताणून घ्याव्यात. मग पिशवीत एका चिठ्ठीवर जी, सी, ई, ए आणि त्याखाली प, सा, ग, ध असे लिहून ठेवावे, आणि शेजारी एवढेच की पहिले काही दिवस तारा उतरतील, त्या खालून वर लावत जाव्यात.